वणीची गोष्ट

“हॅलो, मी उज्वला बोलू राहिले,” शेखरने कानाला रिकामी मूठ लावून बायकोचा आवाज काढला, तसं पाहुण्यांच्या हातातल्या ग्लासांतलं पाणी हिंदकळलं. दीपक मनापासून हसला. त्याची आई, वत्सलाबाई, तोंडाला पदर लावून हसल्या. दीपकचं शेखरच्या मुलीशी, हर्षालीशी, लग्न ठरत आलं होतं आणि आज मायलेक तारीख पक्की करायला आले होते. चिवड्याची बशी हातात घेऊन उज्वला उभी होती. ती ठेवायला टीपॉयवर जागा करून द्यावी, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

निफाडकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती नाशकात आली, त्या पहिल्या वर्षीचा तो फोन. पुढे तिने आपली बोली जिभेवरून खरवडून काढली. शेखरने मात्र ती जपून ठेवली होती. घरी कुणी आलं की बाहेर निघायची.

“बाबा, वणीची गोष्ट सांगा,” हर्षाली म्हणाली. “दीपकला माहीत नाही ती.”

शेखर सरसावून बसला. गडावर देवीच्या दर्शनाला गेलेलो, पायऱ्यांवर ही गर्दी, आणि मागे वळून बघतो तर बायको एका परक्या माणसाचा हात धरून चाललेली. नवरा समोर उभा, तरी सोडायला तयार नाही. हात कसा धरला होता, ते त्याने दीपकचं मनगट आवळून दाखवलं. पुढचं वाक्य हर्षालीला पाठ होतं. ते तिने बापाच्या बरोबरीने म्हटलं, “भाऊ, हौस फिटली की परत आणून द्या!”

इथे उज्वलाने ओशाळं हसायचं आणि आत जायचं, अशी इतक्या वर्षांची रीत होती. तिने ग्लास सरकवून बशी ठेवली. आता कान तापतील म्हणून क्षणभर थांबली. ते तापले नाहीत. गेल्या वर्षी तिची पाळी थांबली, तेव्हा शेखरने त्याचाही विनोद करून सगळ्या भावकीला सांगितला होता. तेव्हाही तिला तोंड लपवावंसं वाटलं नव्हतं. अंगातली लाज कधी आटून गेली, ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. ती समोरच्या खुर्चीत बसली.

“मला चौथा महिना होता,” ती म्हणाली. बोलली ती तिच्या माहेरच्या बोलीतच. “पोर पोटातच गेलं. आठ-दहा दिस झाले असतील. सासूबाई म्हणल्या, देवीला जाऊन या. पायऱ्यांवर डोळ्यांपुढं अंधारी आली, मी पडू राहिले होते. हे पुढं निघून गेले होते. जो हात सापडला तो धरला. त्या माणसानं सावलीला बसवलं, पाणी पाजलं, मग हात धरून वर आणलं. वर हे हसत उभे होते.”

शेखरने घसा साफ केला.

“बघा,” तो दीपककडे पाहून म्हणाला, “अजून विसरली नाही त्याला.”

सगळ्यांत आधी हसली ती हर्षाली. उज्वलाने तिच्याकडे पाहिलं. त्या गेलेल्या पोराच्या मागून झालेली, नवसाची मुलगी. मग ती उठली आणि चहा टाकायला आत गेली.

मागोमाग वत्सलाबाई आल्या. फार सोसलंत, असं काहीतरी म्हणतील, असं उज्वलाला वाटलं. वत्सलाबाईंनी दाराकडे नजर टाकली आणि आवाज उतरवला.

“मुलगी हसरी आहे हो तुमची. आमचा दीपकही असाच, चारचौघांत रंग भरतो. आधी त्याचे वडील होते, मग हा. सगळी थट्टा माझ्यावरच चालायची. आता घरात दुसरी येईल. मी सुटले, ताई.”

त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. डोक्यावरचा भारा उतरवलेल्या बाईसारख्या त्या निवांत दिसत होत्या. ओट्यावरची वेलचीपूड त्यांनी आपण होऊन चहात टाकली आणि बाहेर गेल्या.

उज्वलाने हर्षालीला आत बोलावलं. वत्सलाबाई जे बोलल्या, ते जसंच्या तसं सांगितलं. लग्न करू नको असं म्हणत नाही, पण डोळे उघडे ठेवून कर, इतकंच म्हणाली.

“तुला कुणी हसलेलंच बघवत नाही, आई,” हर्षाली म्हणाली. “मघाशीही तेच केलंस. ते मेलेलं पोर मध्येच आणायची काय गरज होती? दीपकसमोर मला लाज वाटली तुझी.”

“वाटू दे,” उज्वला म्हणाली.

राग आला असता तरी चाललं असतं, पण आला नाही. हर्षाली चहाचा ट्रे उचलून निघून गेली. उज्वलाने आपल्यापुरता चहा गाळला आणि स्टूल ओढून ओट्यापाशी बसली.

बाहेर दीपकने आता माझी ऐका म्हणून सुरुवात केली होती. द्वारका चौकात हर्षालीची स्कूटर मधोमध बंद पडलेली, मागून ट्रकवाले हॉर्न देऊन शिव्या घालताहेत, आणि हिने फोन करून काय सांगावं? पुढचं तो हर्षालीच्या आवाजात बोलू लागला. बारीक, रडवेला, शब्दाशब्दाला अडखळणारा. आवाज हुबेहूब जमला होता. शेखर खो-खो हसला. वत्सलाबाईंचं हसू त्याहून मोठं होतं. लोकांना आवडतंय म्हटल्यावर दीपकने तेच पुन्हा, जरा आणखी रडवेलं करून म्हटलं.

हर्षालीचं हसू ऐकू आलं नाही.

“आई,” थोड्या वेळाने तिची हाक आली, “जरा बाहेर ये ना.”

“चहा घेतेय,” उज्वला म्हणाली, आणि बशीत ओतलेल्या चहावर सावकाश फुंकर घातली.