आठ औंसांचा चाप

"काका, हाच घ्या यार. एकदम लाइट आहे. टच केलं की सुटतो," श्रीरंगबरोबर नेमबाजीच्या क्लबात जाणारा तरुण सिद्धेश म्हणाला.

बंदुकांच्या दुकानात काउंटरवरच्या हिरव्या कापडावर चार चाप मांडून ठेवले होते. रायफलबरोबर कंपनीचा जो चाप येतो तो जाड आणि खरखरीत असतो. हौशी नेमबाज तो काढून टाकतात आणि बाहेरून आपल्या पसंतीचा आणून बसवतात. श्रीरंग देवस्थळीलाही तेच करायचं होतं. उन्हाळ्यापासून त्याच्या गोळ्या डावीकडे सरकायला लागल्या होत्या आणि याला जुना चाप जबाबदार आहे, अशी त्याची बालंबाल खात्री होती. श्रीरंगला कशाचीही खात्री पटकन व्हायची आणि एकदा झाली की ती मोडायला फार माणसं लागायची.

"मी असा कुणाच्या सांगण्यावरून पार्ट सिलेक्ट करत नाही," असं म्हणून त्याने खिशातून वजनकाटा काढला. दुकानदाराकडेही काटा होता, पण श्रीरंगला स्वतःचाच लागायचा. चारही चाप त्याने नमुन्याच्या रायफलींवर काट्याचा हूक अडकवून ओढून पाहिले. एक सुटायला अडीच पौंड जोर लागत होता. त्याची चाल दोन टप्प्यांची होती, म्हणजे आधी थोडा मोकळा सरके, मग भिंतीला टेकल्यासारखा थांबे आणि भिंतीपलीकडे ढकलला तरच सुटे. मधले दोन ठीकठाक होते. चौथा सिद्धेशच्या आवडीचा, फक्त आठ औंसांचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या पौंडाचा. काटा दर वेळी त्याच आकड्यावर थांबला. श्रीरंगचा चेहरा उजळला.

"बघ, याला म्हणतात कन्सिस्टन्सी," तो म्हणाला आणि आठ औंसांचा चाप घेऊन बाहेर पडला.

श्रीरंग अमेरिकेतल्या नोव्हाय गावात गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत होता. ब्रेकचं पेडल पायाला कसं लागावं हे ठरवणं, एवढंच त्याचं काम. सगळी नोकरी त्याने त्यात काढली. पार्टीत कुणी विचारलं आणि त्याने हे सांगितलं, की समोरचा "अच्छा" म्हणून समोशाकडे वळायचा. महाराष्ट्र मंडळात तर तो 'चारुताचे मिस्टर' म्हणूनच ठाऊक होता, कारण चारुता लायब्ररीत नोकरीला होती आणि अर्ध्या गावाच्या मुलांना तिनेच वाचायला लावलं होतं. श्रीरंगला त्याचं काही वाटत नसे. त्याच्याकडे शनिवार होता. नागपूरच्या कॉलेजात एनसीसीत असताना तो पहिल्यांदा जमिनीवर आडवा पडून रायफल चालवायला शिकला होता आणि इथे आल्यावर गावाबाहेरच्या क्लबात त्याने तो नाद पुन्हा धरला होता. तिथे त्याला सगळे 'रंगा' म्हणत. नवीन माणूस आला की रेंजचा प्रमुख डेल म्हणायचा, "त्या रंगाकडे बघत बस. हात कसा स्थिर ठेवायचा ते कळेल." हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून श्रीरंग आठवडाभर ऑफिसातल्या मीटिंगा सोसायचा.

नवा चाप त्याने गॅरेजमध्ये स्वतःच बसवला. तेवढ्यात चारुता चहा घेऊन आली.

"अरे, तो बारीक स्क्रू चार वेळा पडला तुझ्या हातातून."

"स्क्रूच चोपडे आहेत."

"शर्टाची बटणंही चोपडी झालीत का? हल्ली टी-शर्टच घालतोस म्हणून विचारलं."

"कम्फर्टेबल असतात," श्रीरंग म्हणाला आणि चहा प्यायला. गेली कित्येक वर्षं त्याला मधुमेह होता. पायाची बोटं बधिर होतात हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि त्याने चारुतालाही सांगितलं होतं. हाताच्या बोटांबद्दल मात्र तो कुणाशी बोलला नव्हता, स्वतःशीसुद्धा.

शनिवारी रेंजवर तो नेहमीच्या जागेवर आडवा झाला. गोळी भरली, गाल रायफलला टेकवला, डोळा दुर्बिणीला लावला. अजून नेम धरायचा होता. तोपर्यंत बोट चापाला लावायचं नाही, चापाभोवतीच्या कडीवर बाहेरच ठेवायचं, हा नेमबाजीचा पहिला धडा. श्रीरंगचं बोट कडीवरच होतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

धाडकन गोळी सुटली. लक्ष्याच्या बऱ्याच अलीकडे माती उडाली.

डेलने ताबडतोब सगळी रेंज थांबवली. सगळ्यांनी रायफली रिकाम्या करून खाली ठेवल्या आणि शंभर यार्डांच्या त्या मोकळ्या जागेत एकदम शांतता पसरली. श्रीरंगचे कान तापले. इतक्या वर्षांत त्याच्यामुळे रेंज कधी थांबली नव्हती.

डेल शेजारी उकिडवा बसला. "काय झालं, रंगा?"

"नवीन चाप आहे. फार हलका आहे बहुतेक."

"मग नीट कर. तोवर ही रायफल इथे आणू नकोस." डेल हळूच बोलला, पण त्याच्या नजरेत आज काळजी होती आणि ती श्रीरंगला रागावण्यापेक्षा जास्त लागली.

परतताना गाडीत सिद्धेशचा चेहरा पडला होता. "सॉरी काका, मीच तुम्हाला तो लाइटवाला घ्यायला लावला."

"तू कोण लावणारा? मी मोजून घेतलाय," श्रीरंग म्हणाला. मोजून घेतलाय, हेच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. काट्याने चाप मोजला होता. ज्या बोटाने तो ओढायचा होता, ते कुणी मोजलं होतं?

कंपनीत ते माणसांनाच मोजायचे. ब्रेकच्या चाचणीसाठी ड्रायव्हर निवडताना त्याला डोळे मिटून बसवत. पायाला पेडल लागलं रे लागलं की त्याने 'आता' म्हणायचं. ज्याला बोलायला एकदा जरी उशीर झाला, तो बाद. पुन्हा संधी नाही, वाद नाही. हा नियम श्रीरंगनेच केला होता आणि त्यापायी त्याने चांगली चांगली माणसं घरी पाठवली होती.

दुपारी त्याने रायफल डायनिंग टेबलावर आणली.

"चारुता, जरा ये. आत गोळी नाही, तूही बघ." तिने वाकून, बोट घालून पाहिलं. "मी डोळे मिटतो. बोट चापाला लागलं की मी 'आता' म्हणेन. तू फक्त बघ, आवाज आधी होतो की मी आधी बोलतो."

त्याने डोळे मिटले. बोट हळूहळू आत नेलं.

खट्.

"आता," श्रीरंग म्हणाला.

त्याने पुन्हा करून पाहिलं, मग आणखी एकदा. दर वेळी खट् आधी आणि 'आता' नंतर. तिसऱ्या खेपेला चारुताने त्याचं बोट आपल्या दोन्ही हातांत घेतलं आणि नखाने टोक दाबलं. "हे कळतंय?"

"तू दाबतेयस हे दिसतंय."

"डोळे मिटून सांग."

श्रीरंगने डोळे मिटले आणि बराच वेळ काहीच सांगितलं नाही. चारुताला रडू यायला लागलं. "कधीपासून रे? मला का नाही बोललास?"

"बोललो असतो तर शनिवार गेला असता," तो म्हणाला. हे त्याने प्रथमच मोठ्याने म्हटलं होतं आणि म्हटल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. मग तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "पण सोल्यूशन आहे. मी उलटा विचार केला. बोटाला कमी कळतं, तर चाप हलका नको, जड हवा. बोटाला नाही कळलं तरी भिंत आली की मनगटाला कळेल."

दुसऱ्याच दिवशी जाऊन त्याने तो अडीच पौंडांचा, दोन टप्प्यांचा चाप आणला. डोळे मिटले. चाप सरकला, अडला. "आता," श्रीरंग म्हणाला आणि मग खट् झालं. पुन्हा तसंच झालं. चारुता हसली. श्रीरंगने तर असा चेहरा केला, जणू जड चापाचा शोध त्यानेच लावला होता.

डेललाही त्याने सगळं सांगून टाकलं, बोटासकट. वर स्वतःहून अट घातली. दर शनिवारी गोळी भरण्याआधी डेलसमोर रिकाम्या रायफलीवर ही चाचणी करायची. ज्या दिवशी उशीर होईल, त्या दिवशी नेम नाही. "एकदा जरी झाला तरी?" डेलने विचारलं. "एकदाच पुरतो," श्रीरंग म्हणाला.

ते पानगळीचे शनिवार फार छान गेले. जड चापाने गोळ्या काही अगदी मधोमध बसत नव्हत्या, पण त्याच्या मनाविरुद्ध एकही सुटत नव्हती. डेल पुन्हा नवीन माणसांना त्याच्याकडे पाठवायला लागला.

मग थंडी पडली. एका शनिवारी गवतावर पांढरं दव गोठलेलं होतं. श्रीरंग आडवा झाला, डोळे मिटले. डेल शेजारी उभा होता.

खट्.

"आता."

डेलने दुसरीकडे बघितलं. "गारठा आहे, रंगा. हात शेकून घे. परत कर."

श्रीरंगला मोह झाला नाही असं नाही. आत ऊब होती, हीटर होता, आणि पाचेक मिनिटांनी बोटाने कदाचित साथ दिलीही असती. पण घरी पाठवलेले ते ड्रायव्हर त्याला आठवले. त्यातल्या एकानेही हात-पाय शेकून येतो म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

"नो, डेल. झाली टेस्ट," तो म्हणाला. त्याने रायफलीचा बोल्ट ओढून बाहेर काढला, रुमालात गुंडाळला आणि डेलच्या हातात दिला. बोल्टशिवाय रायफल नुसती नळी असते. डेलने तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

बाजूच्या जागेवर सिद्धेश हे सगळं बघत होता. "काका, निघूया का आपण? मी ड्राइव्ह करतो."

"निघायचं कशाला? गोळ्या आणल्यास ना? चल, आडवा हो," श्रीरंग म्हणाला. त्याने स्टूल ओढलं आणि लांबचं लक्ष्य बघायची तिपाईवरची दुर्बीण पुढे घेतली.

सिद्धेशने नेम धरला. गोळी सुटली.

"कुठे लागली, काका?"

श्रीरंग दुर्बिणीचं चक्र फिरवत होता. चक्र बोटांत आहे की निसटलंय हे त्याला कळत नव्हतं. चित्र स्पष्ट होतंय एवढं दिसत होतं, म्हणून तो फिरवत राहिला. पांढऱ्या कागदावरचं काळं छिद्र शेवटी नीट दिसलं.

"डावीकडे. घाई केलीस," तो म्हणाला. "श्वास सोड आणि परत मार. मी बघतोय."