उजेडापर्यंत पाऊण मैल

चित्रफितीत गाडीचे मागचे दोन्ही इंडिकेटर एकशे त्रेपन्न वेळा उघडझाप करतात. वर्लीन टॉलिव्हरने ते चार वेळा मोजले होते. तीनदा एकशे त्रेपन्न आले, एकदा एकशे बावन्न; पण त्या खेपेला मध्येच चष्मा पुसावा लागला होता.

"पुन्हा लावू, मिस वर्लीन?" वकील रेनी बोस्टिकने विचारलं.

"नको. पुढचं पाठ आहे मला."

केंड्रिक्स मिल या गावातल्या एकाही वकिलाने तिथल्या पोलिसांविरुद्धचा दावा घेतला नव्हता. रेनी मेकन शहरातून यायची, आणि त्या दोघी चर्चच्या मागच्या खोलीत, लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीजवळ घेऊन बसायच्या. रेनी तिशीची होती, वर्लीन सत्तावन्नची; तिकडच्या रीतीने लहानमोठे सगळे तिला आदराने 'मिस' म्हणत.

पडद्यावर पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्र थांबलं होतं. जानेवारीतली संध्याकाळ, सहाला दहा कमी. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, रस्त्यावर एकही दिवा नाही. मागे पोलिसांची गाडी लागली तेव्हा वर्लीनने इंडिकेटर लावले, वेग पंचवीसवर आणला आणि पाऊण मैल पुढे जाऊन पशुखाद्याच्या दुकानासमोर, दिव्याच्या खांबाखाली गाडी थांबवली. तिच्या आईने तिला हेच शिकवलं होतं, आणि तिने चर्चमधल्या तीन पिढ्यांच्या मुलींना: अंधारात थांबायचं नाही. दिवे लावायचे, हळू जायचं, चार माणसं बघतील अशा जागी थांबायचं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे.

पोलिसांनी अहवालात लिहिलं होतं: पळून जाण्याचा प्रयत्न. मुळात थांबवायचं कारण एवढंच, की नंबरप्लेटवरचा बारका दिवा गेला होता.

त्यांनी तिला खेचून बाहेर काढलं, डांबरावर पालथं पाडलं; गळपट्टीचं हाड मोडलं. शेजारच्या सीटवर तिचा नवरा हर्शेल होता. कागद गिरणीतल्या तीस वर्षांनी त्याची फुप्फुसं निकामी केली होती, म्हणून ऑक्सिजनचं हिरवं नळकांडं कायम मांडीवर. उतरताना त्याने ते उचललं. हत्यार समजून त्यांनी ते हिसकावलं, नळीसकट, आणि रस्त्याकडेला भिरकावलं. रुग्णवाहिका अकरा मिनिटांनी आली. तोवर त्याच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा एकसष्टवर आला होता. हर्शेल जगला. पण चर्चमध्ये खर्जात गाणारा, बोलण्यात कोणाला हार न जाणारा हर्शेल परत आला नाही. आता त्याला शर्टाची बटणं लावून द्यावी लागत, आणि एकेक शब्द तो लांबून ओझं आणल्यासारखा आणी.

"हे सरकारी वकिलांचं पत्र," रेनीने एक कागद पुढे केला. "तुम्ही त्या दोन अधिकाऱ्यांवरचा दावा मागे घ्यायचा, ते तुमच्यावरचा पळून जाण्याचा आरोप मागे घेणार. सोमवारी सकाळी नऊपर्यंत उत्तर हवंय."

"तू काय म्हणतेस?"

"काय करा ते मी नाही सांगणार."

"मग तुला फी कसली द्यायची?"

"फी कुठे दिलीत अजून?" रेनी हसली, आणि लगेच गंभीर झाली. "एक मात्र सांगते. दावा पुढे गेला तर त्यांचा वकील तुम्हाला सहा-सहा तास प्रश्न विचारेल. शपथेवर. गाडीत काय बोलणं झालं, शब्द न् शब्द. मला आधी कळायला हवं असं काही आहे का?"

"नाही," वर्लीन म्हणाली.

होतं. मागे निळे दिवे लागले तेव्हा हर्शेल म्हणाला होता, "थांब. इथंच थांब, वर्लीन." ती म्हणाली होती, "उजेडात थांबते." तो पुन्हा म्हणाला होता, "अगं, चिडतील ते. थांब." आणि ती थांबली नव्हती. चित्रफितीत गाडीच्या आतला आवाज नाही. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, आणि त्यातल्या एकाला ती आठवत होती की नाही, हे विचारायचं धाडस चौदा महिन्यांत वर्लीनला झालं नव्हतं.

*

अटक झाल्यापासून तिला शाळेची बस चालवायला बंदी होती. सव्वीस वर्षं ती सतरा नंबरची बस चालवत होती. आता आगारात बस धुवायची. डावा खांदा वर जात नसे, म्हणून खिडक्यांच्या वरच्या कडा ज्युएल धुऊन द्यायची. ज्युएल बावीस नंबर चालवत असे.

"तुझ्या रूटवर तो नवा आहे ना, त्याने काल वळणावर टपालपेटी आडवी केली."

"कोणाची?"

"पास्टरची."

"मग जाऊ दे."

"जाऊ दे काय? या रविवारी त्या पेटीवर दीड तास प्रवचन ऐकायचंय आपल्याला!"

वर्लीन हसली, हाडात कळ आली. तेवढ्यात आगारप्रमुख डेल स्टब्ज टोपी काढून आला. तो टोपी काढून आला की बातमी वाईट असे.

"वर्लीन, पुढच्या शुक्रवारी शाळा बोर्डाची मीटिंग आहे. तोवर आरोप गेला नाही तर तुझी जागा भरावी लागेल मला. आणि जागा गेली म्हणजे..."

"विमा गेला. माहितीये."

"हर्शेलचं ऑक्सिजनचं यंत्र त्या विम्यावरच आहे ना?"

"यंत्र, औषधं, दुपारची नर्स. सगळं."

"एक सही आहे गं," डेल म्हणाला. "माझी बहीण असती तर पेन तिच्या हाताला बांधून ठेवलं असतं मी. पोरं रोज विचारतात, मिस वर्लीन कधी येणार."

"तुझ्या बहिणीला कोणी रस्त्यावर पालथं पाडलं नाही, डेल," ज्युएल पाण्याचा पाइप न थांबवता म्हणाली.

डेलने टोपी घातली. "ते मलाही कळतं, ज्युएल. पण बोर्डाला नाही कळणार."

तो गेल्यावर ज्युएल बराच वेळ एकच खिडकी धूत राहिली. "मी तुला काही म्हणणार नाही," ती शेवटी म्हणाली. "पण माझ्या नातीला तू शिकवलंस उजेडात थांबायला. तिने परवा मला विचारलं, आजी, मग आता कुठे थांबायचं? मी म्हटलं, मिस वर्लीनलाच विचार."

*

रविवारी जेवायला पावटे आणि मक्याचा पाव होता. वर्लीनने हर्शेलच्या गळ्यात टॉवेल बांधला, पाव कुस्करून दिला. कोपऱ्यात यंत्र घरघरत होतं. मिनिटाला तीन लिटर. काटा बरोबर आहे ना, हे ती दर तासाला वाकून बघायची, पूर्वी बसच्या आरशात पोरं बघायची तसं.

सही केली तर हा काटा चालू राहणार होता. आणि सही केली तर गाडीतल्या बोलण्याचा तो प्रश्न तिला कधीच कोणी विचारणार नव्हतं. पहिलं कारण तिने ज्युएलला सांगितलं असतं, पास्टरला सांगितलं असतं. दुसरं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. आज ताटासमोर बसल्यावर ते दोन्ही शेजारी शेजारी दिसले आणि तिने हातातला पाव ताटात परत ठेवला.

"हर्शेल."

त्याने मान वर केली.

"त्या दिवशी गाडीत तू मला काय म्हणाला होतास, आठवतं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. ओठ हलले, थांबले. चमचा खाली ठेवायला त्याला वेळ लागला. तिने घाई केली नाही.

"गाडी," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "गाडी तू चालवत होतीस."

"हो. मीच."

तो पुन्हा पावटे खाऊ लागला. हा ठपका होता की नुसती माहिती, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. तिने वाट पाहिली. मग तिने त्याची हनुवटी पुसली, ताटं उचलली, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं.

*

सोमवारी पावणेनऊला न्यायालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर काइल हॅमॉक गणवेशात बसला होता. दाव्यातल्या दोघांपैकी एक. लहानपणी तो सतरा नंबरच्या बसमध्ये तिसऱ्या सीटवर बसायचा. वळणांवर त्याला मळमळायचं, म्हणून वर्लीन त्याच्यासाठी आल्याच्या गोळ्या ठेवायची. चित्रफितीत बेड्या घातल्यावर तो तिचं तोंड आपल्याकडे वळवतो आणि म्हणतो, "मिस वर्लीन?" त्यानंतरही बेड्या तो काढत नाही.

तिला बघून तो उठून उभा राहिला. "गुड मॉर्निंग, मॅडम."

"आईचा गुडघा कसा आहे?" तोंडातून सवयीने निघून गेलं.

"बरा आहे, मॅडम. काठी घेते." त्याचे कान लाल झाले होते. "मिस वर्लीन, मला त्या दिवशी..."

"काइल," आतून कोणीतरी हाक मारली, आणि तो तिकडे वळला.

सरकारी वकील लँगली सभ्य माणूस होता. त्याने वर्लीनसाठी खुर्ची ओढली, पाणी दिलं, हर्शेलची चौकशी केली. रेनी तिच्या बाजूला बसली. मग लँगलीने एकच पान समोर ठेवलं आणि त्यावर पेन आडवं ठेवलं.

"इथे सही केलीत की पाच मिनिटांत आरोप रद्द. आजच दुपारी शाळेला पत्र जाईल. उद्यापासून बस तुमची."

वर्लीनने पेन उचललं. सव्वीस वर्षं ती सही करण्याआधी बसच्या तपासणीचा फॉर्म अखेरपर्यंत वाचत असे. हेही पान तिने वाचायला घेतलं. लँगलीने घड्याळाकडे बघितलं. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की, सदर अधिकाऱ्यांच्या कृतीमुळे मला अथवा माझ्या पतीला कोणतीही कायमस्वरूपी इजा झालेली नाही, हे मी मान्य करते.

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "ही काढता येईल?"

"तो ठरलेला मसुदा आहे, मॅडम. सगळ्यांसाठी तोच असतो."

"बाकीच्यावर मी सही करीन. ही एक ओळ काढा."

"ते माझ्या हातात नाही."

"कोणाच्या हातात आहे?"

रेनी हळूच म्हणाली, "मिस वर्लीन, मुदत मागून घेता येईल. एखादा आठवडा."

शुक्रवार त्या आठवड्यातच होता. वर्लीनने तिसरा परिच्छेद पुन्हा वाचला. घरी आता साडेआठची गोळी झाली असेल. शेजारीण हर्शेलला शर्ट घालत असेल. त्याची बटणं ती नेहमी एक घर चुकवते, आणि तो सांगू शकत नाही, दिवसभर तसाच बसून राहतो.

"मॅडम?" लँगली म्हणाला. "काय ठरलं तुमचं?"

तिने पेन टोपण लावून त्याच्याकडे परत सरकवलं.

"दावा चालू ठेवा," ती म्हणाली. "मला शपथ द्या आणि विचारा. गाडीत कोण काय बोललं, तेसुद्धा विचारा. मी सांगेन."