आठ वाजताचा चोर

गुन्हेगारीशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गात ठाणेबाई वयाने बाकी पोरापोरींच्या आईएवढी होती. हे नाव पोरांनीच पाडलेलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. एकोणीस वर्षं पोलीस ठाण्यात टेबलापाशी बसून तिने लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या होत्या. शिकायला म्हणून घेतलेली रजा आता महिन्याभरात संपत होती. त्याच्या आत प्रबंध पास झाला तर पदवी. नाहीतर हात हलवत परत त्याच टेबलावर.

पण काळजी कसली? प्रबंधात बाईने कमालच केली होती. आपल्याच ठाण्याने टंकून दिलेल्या याद्यांमधून दुकानं फोडल्याच्या चारशे बारा तक्रारी तिने काढल्या, आलेख मांडला, आणि सकाळी आठला असा उंच सुळका आला की बघणाऱ्याने तोंडात बोटच घालावं. चोर म्हणे रात्री येतात! त्याचं कारणही तिने शोधून ठेवलं होतं. आठला रखवालदारांची पाळी बदलते. एक जांभया देत निघतो, दुसरा डोळे चोळत येतो. मार्गदर्शक सर तर हुरळूनच गेले. त्यांनी आलेख थेट पोलीस अधिकाऱ्यांच्या बैठकीत दाखवला, आणि रात्रीच्या गस्तीवरची निम्मी माणसं सकाळी आणायचं जवळजवळ ठरलंही.

तोंडी परीक्षेला अकरा दिवस असताना तिला एका तक्रारीची तारीख चुकलेली दिसली. दुसरं कुणी असतं तर अंदाजाने ठोकून दिली असती. हिचा स्वभाव तसला नव्हता. ती तडक ठाण्याच्या दप्तरखान्यात गेली आणि हाताने लिहिलेली मूळ वही काढून बसली. तारीख सापडली. शेजारी 'गुन्ह्याची वेळ' या रकान्यात आठ लिहिलेलं होतं, आणि ते अक्षर तिचं स्वतःचं होतं.

तिने पान उलटलं. आठ. पुढचं पान, पुन्हा आठ. मग मात्र सगळं लख्ख आठवलं. दुकानदार धापा टाकत यायचा, काल रात्री कुलूप लावलं, आज येऊन बघतो तर सगळं साफ, असं सांगायचा. चोरी किती वाजता झाली ते त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! पण रकाना रिकामा ठेवला की साहेब वही अंगावर फेकायचे. बाईची पाळी आठला सुरू व्हायची, म्हणून ती आपली आठ लिहायची. हात इतका सरावला होता की डोक्याला पत्ताच नव्हता. वर नव्या आलेल्यांनाही तिनेच शिकवलं होतं, वेळ माहीत नसेल तर आठ टाका आणि मोकळे व्हा.

म्हणजे आठला चोर येत नव्हता, ठाणेबाई येत होती! तिथेच वह्यांच्या ढिगात बसून तिला हसू आवरेना.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा शिंपी, मापाबाहेर एक शब्द न बोलणारा. आधी पास हो, मग काय ते कबूल कर, असं त्याचं म्हणणं पडलं. ती उखडलीच. रात्रीचे रस्ते मोकळे सोडले आणि एखाद्या रखवालदाराच्या डोक्यात पहार बसली, तर ती कुणी घातली म्हणायची, असं तिने विचारलं. तो म्हणाला, की मग लाग कामाला, जेवणाचं मी बघतो.

सरांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. बैठकीत छाती पुढे काढून दाखवलेला आलेख आता मागे कसा घ्यायचा? तळटीप टाकून भागेल, असं त्यांनी सुचवून पाहिलं.

"सर, आलेख तुम्ही दाखवलात, पण तो आठ माझा आहे," ती म्हणाली. "मी घातला, मीच काढणार."

बैठकीला कळवायचं पत्र तिनेच लिहिलं. सरांनी कुरकुरत सही केली, आणि गस्त जिथल्या तिथे राहिली.

उरलेल्या दिवसांत तिने चारशे बाराच्या चारशे बारा तक्रारी मूळ वह्यांतून वाचून काढल्या. कुणी शटरचा आवाज ऐकला होता, कुठे दुकानाचा धोक्याचा भोंगा वाजला होता, अशा खरी वेळ कळणाऱ्या नोंदी निघाल्या त्रेपन्न, आणि त्यांतल्या बहुतेक मध्यरात्रीनंतरच्या. बाकी सगळ्यांपुढे तिने 'माहीत नाही' असं लिहिलं. प्रबंधाचा विषयही बदलला. चोर कधी येतो हे सोडून, वहीत वेळ कुठून येते हे तिने मांडलं.

परीक्षेला बाहेरून एक निवृत्त न्यायाधीश बाई आल्या होत्या. नोंदी अशाच होतात हे कशावरून, असं त्यांनी विचारलं. ठाणेबाईने पडद्यावर वहीचं पान दाखवलं आणि सांगितलं, की हे अक्षर माझं. सगळे हसले. सरही हसले, जरा उशिराने. पुढच्या प्रश्नांना तिने पटापट उत्तरं दिली, आणि शेवटी सरांनी प्रबंध मंजूर झाल्याचं जाहीर केलं.

न्यायाधीश बाई मात्र अजून त्या पानाकडेच बघत होत्या.

"हे कागद माझ्यासमोर यायचे," त्या म्हणाल्या. "आरोपी सकाळी आठला कुठे होता, असं मी विचारायचे. ज्याला सांगता यायचं नाही, तो अडकायचा. तुमच्या या आठमुळे कुणी आत गेलंय का?"

या प्रश्नाची तयारी तिने केली नव्हती. तरी तिने मान खाली घातली नाही.

"माहीत नाही, मॅडम. रजेचे अजून एकोणीस दिवस आहेत. उद्यापासून शोधते."

न्यायाधीश बाईंनी पेन उघडलं, प्रबंधाच्या पहिल्या पानावर आपला फोन नंबर लिहिला आणि प्रबंध तिच्यापुढे सरकवला.

"सुरुवात माझ्या निकालांपासून करा," त्या म्हणाल्या.