दुसरा काठ नसलेलं पाणी

लंकाबाईच्या नावातच लंका, पण समुद्राशी तिची ओळख म्हणाल तर तोंडदेखली. साठी उलटेपर्यंत तिनं समुद्र दोनदा पाहिला. एकदा नणंदेचा बस्ता बांधायला मुंबईला गेली तेव्हा टॅक्सीच्या काचेतून, आणि एकदा चौपाटीवर, तेही कडेवर कुणाचं तरी रडणारं पोर घेऊन. दोन्ही वेळा काठावरूनच. काठावरून समुद्र बघणं म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाबाहेरूनच परत येणं, असं तिचं मत होतं. मतं तिच्याकडे भरपूर होती.

माहेर चांदवडकडचं. उन्हाळ्यात टँकर आला की गाव हंडे घेऊन पळायचं, आणि घरी आणलेल्या पाण्यात ही मुलगी तोंड घालून बघत बसायची. सासर मिळालं नाशिकचं, पंचवटीतलं. दिंडोरी रोडला मोटारी-पाइपांचं दुकान, घरात दोन भाऊ आणि दोन जावा. गोदावरी चार पावलांवर. पण गोदेला पलीकडे काठ आहे, आणि त्या काठावरही ओळखीचीच माणसं. लंकाबाईला असं पाणी बघायचं होतं ज्याला दुसरा काठच नाही. जिथं मधोमध उभं राहावं, चहूकडे जमीन म्हणून दिसू नये, आणि कोणी "लंका, चहा टाक" म्हणून हाक मारलीच तर ती ऐकू येऊ नये. हे ऐकून तिचा नवरा खंडेराव पोट धरधरून हसला होता. "त्यापेक्षा कानात बोळे घाल. स्वस्तात काम होईल," म्हणाला.

हसली नाही ती एकटी उज्वला. ही धाकटी जाऊ, कळवणची. अंगानं बारीक, दम्यानं पिडलेली, बोलायला मोजकी. जावा-जावा म्हणजे उभा दावा असं लोक म्हणतात, पण या दोघींनी लोकांची पार निराशा केली. नवी नवरी उज्वला स्वयंपाकघरात भुकेली बसली होती, तेव्हा लंकाबाईनं डब्यातला शेवटचा लाडू अर्धा मोडून तिच्या हातावर ठेवला होता. तेव्हापासूनचा शिरस्ता असा, की घरात नवीन काहीही आलं, द्राक्षाचा पहिला घड असो की मुरलेलं लोणचं, एकीनं दुसरीशिवाय त्याला तोंड लावायचं नाही. नव्या साडीची घडीसुद्धा दोघी एकाच दिवशी मोडायच्या. कुणी नियम केला नव्हता, म्हणून तो मोडायचंही कुणाला सुचलं नाही.

उज्वलाची लेक सायली मुंबईत नोकरीला लागली आणि तिनं पहिल्या पगारातून एकच गोष्ट केली. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजाचं बुकिंग. आई, मोठी आई आणि ती स्वतः. लंकाबाईला त्या दिवशी काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणजे आनंद किती असेल ते बघा. जहाजावरच्या जेवणावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिनं साजूक तुपातले लाडू केले, डबा भरला आणि दोऱ्यानं आवळून बांधला. तो २०२०चा मार्च महिना होता. पुढं काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. लाडू घरातल्या घरात संपले.

मग सुरू झाला तारखांचा खेळ. कंपनी म्हणाली दिवाळीत बघू. दिवाळीत म्हणाली उन्हाळ्यात. उन्हाळ्यात तर बोलायचीच सोय राहिली नाही, गल्लीत एक दिवसाआड कुणीतरी जात होतं. दर तारखेला लाडू व्हायचे, दर वेळी तारीख बुडायची, आणि खंडेरावाचं पोट तेवढं पुढं सरकायचं. लंकाबाईची बॅग कपाटावर भरलेलीच असायची. आत रबरी तळाच्या नव्या चपला होत्या, ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून घेतलेल्या. कधी कधी ती त्या काढून घरातच चार पावलं चालून बघायची आणि परत ठेवायची. माणसं मरताहेत आणि आपल्याला जहाज सुचतंय, याची तिला लाजही वाटायची. पण हौस लाजेनं मरत नाही. ती आत कुठंतरी तशीच जागी राहते आणि छळते.

लशीचा पहिला डोस दोघींनी बरोबरच घेतला. दुसऱ्या डोसच्या वेळी केंद्रावर भल्या पहाटेपासून रांग. लंकाबाईच्या हाती टोकन आलं आणि तिच्यामागं उभ्या असलेल्या उज्वलापाशी टोकनं संपली. लंकाबाईनं क्षणभरही विचार केला नाही. आपलं टोकन तिच्या मुठीत कोंबलं.

"ताई, तुमचं आहे हे. मी येईन पुढच्या आठवड्यात."

"तुझ्या छातीची भाता चालल्यागत घरघर चाललीय. मला काय धाड भरलीय? जा आत."

पण धाड भरायची होती. आठवड्याच्या आत लंकाबाईला ताप आला, तपासणीत तोच रोग निघाला. बरी झाली, पण डॉक्टरांनी सांगितलं, आता तीन महिने लस नको.

पावसाळा सरता सरता जहाजं सुरू झाली. सायलीनं ऑक्टोबरची तारीख घेतली. आधी सांगत होते, चाचणीचा अहवाल दाखवला की पुरे. निघायला चार दिवस उरले आणि निरोप आला: दोन्ही डोस झालेल्यांनाच जहाजावर घेतलं जाईल. लंकाबाईचे तीन महिने अजून सरले नव्हते. सायलीनं फोनवर हे वाचून दाखवलं तेव्हा ती लाडू वळत होती. तिनं हातातला लाडू पुरा केला, ताटात ठेवला, मग दुसरा घेतला.

"मग मीपण नाही जात," उज्वला म्हणाली. "पुढची तारीख घेऊ."

"लय तारखा घेतल्या. या रोगाचा भरवसा नाय, आपल्या वयाचा त्याहून नाय. एकीनं तरी बघून यावं. तू जा. डोळे भरून बघ आणि मला येऊन सगळं सांग. मी तुझ्या डोळ्यांनी बघीन."

मोठ्या जावेचा शब्द होता. निघताना लंकाबाईनं उज्वलाच्या हातावर दही घातलं, डबा दिला आणि पुन्हा पुन्हा बजावलं. मधोमध गेल्यावर पाण्याचा रंग कसा असतो ते बघ. आवाज येतो का ते ऐक. भीती वाटते की मोकळं वाटतं, तेही ध्यानात ठेव.

मग ती वाट बघत बसली. दळण आणलं, भाजी निवडली, पण जीव सगळा फोनमध्ये. जहाज किनाऱ्यापासून लांब गेल्यावर फोन लागेना. आता ती मधोमध असेल, आता तिला काहीच दिसत नसेल पाण्याशिवाय, असं मनाशी म्हणत ती वरच्या गच्चीवर जाऊन उभी राहायची आणि पश्चिमेकडे बघायची. इतकं कुणासाठी, कशासाठी तिनं जन्मात झुरून बघितलं नव्हतं. गोव्यापाशी सायलीचा एक फोटो आला. कठड्याला टेकलेली उज्वला, पाठ समुद्राकडे, डोळे मिटलेले. "ध्यान आहे नुसतं, फोटोतही झोपली," लंकाबाई मायेनं पुटपुटली.

उज्वला परत आली. वरच्या खोलीत बॅग उघडून दोघी बसल्या. उज्वलानं जहाजातल्या लिफ्टचं सांगितलं, टॉवेलची घडी घालून केलेल्या हत्तीचं सांगितलं, नाचणाऱ्या म्हाताऱ्यांचंही सांगितलं. एरवी मोजकी बोलणारी बाई थांबेचना.

"ते राहू दे. पाणी सांग."

"पाणी... पाणीच पाणी, ताई. निळं."

"निळं तर कॅलेंडरवरपण असतं. सकाळी कसं, सांजेला कसं?"

उज्वला बॅगेतले कपडे काढू लागली. कपड्यांखालून डबा निघाला. लंकाबाईनं तो हातात घेतला आणि तिला तो जड लागला. दोरा तसाच होता. वरची गाठ तिनं स्वतः मारलेली होती, तशी गाठ त्या घरात दुसऱ्या कुणाला येत नाही.

"लाडू खाल्ले नाय?"

"नव्या तुपातले होते. तुमच्याशिवाय कसे खाणार?"

लंकाबाईला एकदम तो फोटो आठवला. मिटलेले डोळे, समुद्राकडे पाठ.

"उज्वला, पाणी बघितलंस का तू?"

उज्वलानं मान खाली घातली. "खोलीचा पडदा ओढून घेतला होता. सायली लय चिडली माझ्यावर. फोटोला तेवढी वर गेले, डोळे मिटून. ताई, टोकन तुमचं होतं. तुमच्या वाट्याचं पाणी तुमच्याआधी मी कसं बघू?"

"येडी हायस का तू?" लंकाबाईचा आवाज चिरकला. "मान द्यायला पाठवलं होतं तुला? इथं मी डोळ्यांत प्राण आणून बसले, तू येशील, सांगशील म्हणून. रिकामा डबा आणला असतास तरी गोड मानला असता. तू भरलेला आणलास."

आणि ती रडली. एवढ्या तारखा बुडाल्या तेव्हा न रडलेली बाई त्या डब्यापाशी बसून ढसढसा रडली. स्वतःच्या डोळ्यांचा समुद्र गेला होता, आता उसन्या डोळ्यांचाही गेला. आणि नेणारी ही अशी, की तिच्यावर धड रागावताही येईना. त्या संध्याकाळी लंकाबाई भिंतीकडे तोंड करून जेवायला बसली. पहिला घास हातातच राहिला. शेवटी मागं न वळता "ये" म्हणाली, आणि उज्वला आपलं ताट घेऊन आली.

डिसेंबरपर्यंत लंकाबाईचे दोन्ही डोस झाले. जानेवारीची तारीख मिळाली, लाडू झाले, डबा बांधला. आणि रोगानं पुन्हा डोकं वर काढलं. सायलीचा निरोप आला, तारीख रद्द, पुढचं काही नक्की नाही. वरच्या खोलीत उज्वलानं तो वाचला आणि तिचे डोळे भरून आले.

"तेव्हा बघितलं असतं, तर निदान तुम्हाला सांगता तरी आलं असतं."

लंकाबाईनं डबा पुढं ओढला. गाठ सोडली, लाडू काढला, मोडला आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला.

"बरं झालं नाय बघितलंस," ती म्हणाली. "सांगितलं असतंस, तर मी ऐकून गप बसले असते. झालं आपलं बघून, म्हणाले असते. आता तसं नाय. आता जायचंच हाय." मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "पण तो पडदा मी उघडणार. तू नुसती शेजारी उभी राहा."

"बरं," उज्वला म्हणाली.

दोघी लाडू खात बसल्या. खालून खंडेरावानं चहासाठी हाक मारली, मग पुन्हा एकदा मारली. दोघींपैकी एकीलाही ती ऐकू आली नाही.