थोरलीचं पायपुसणं

धाकटी जाऊ गाडी चालवायला शिकली आणि थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. आजवर सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं ते थोरलीनं, हाताला धरून, बसच्या पायऱ्या एकेक चढवत. आता सासूबाई उठताबसता म्हणायच्या, "धाकटी आहे ना, ती नेईल." तेच जिव्हारी लागायचं.

त्या गाडीत आपलंही काही असावं म्हणून थोरलीनं एक जाडजूड पायपुसणं विणलं, निळं, लाल काठाचं. सकाळी गुपचूप जाऊन धाकटीच्या सीटपुढे, जुन्या मॅटवरच अंथरलं.

दवाखान्याच्या वाटेवर पुलाचा उतार लागला. धाकटीनं पाय उचलला, तरी वेग कमी होईना. उलट गाडी सुसाटली. पुढचा टेम्पो बघता बघता जवळ आला.

"अगं, हळू!" मागून सासूबाई ओरडल्या.

"मी नाही हो आई, गाडीच पळतेय!"

शेजारी बसलेल्या थोरलीचा हात चावीकडे गेला.

"जाऊबाई, चावी नको! स्टिअरिंग जड होईल."

धाकटीनं ब्रेक दाबला तो दाबूनच धरला आणि गिअर न्यूट्रलला टाकला. इंजिन किंचाळलं, पण चाकांतला जोर गेला. गाडी कडेला येऊन उभी राहिली, तेव्हा कुठं तिनं चावी फिरवली.

थोरलीनं घट्ट धरलेली दाराची मूठ सोडली. तशातही मनात आलंच, किती सफाईनं केलं हिनं! जळो मेली ती सफाई.

धाकटीनं वाकून पायपुसणं ओढून काढलं. "हे ॲक्सिलरेटरवर चढलं होतं."

"कुणी टाकलं गं ते तिथं?" सासूबाईंचा आवाज चढला.

धाकटीनं थोरलीकडे एकदाच पाहिलं. "मीच, आई. नीट बसवलं नाही."

थोरली वाचली. पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी हिची, धिटाई हिची, सासूबाई हिच्या, आणि आता मनाचा मोठेपणाही हिचाच?

"खोटं बोलतेय ती. मी विणलं, मीच टाकलं."

मग सासूबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. "अक्कल गहाण टाकलीस का? विचारायचं तरी कुणाला! इतकी वर्षं जपून नेलंस मला, आणि आज थेट वरच पोचवायला निघालीस?"

धाकटी मध्ये बोलायला गेली, तर थोरलीनं तिला हातानंच गप्प केलं. कित्येक महिन्यांत सासूबाई तिच्याशी एवढं बोलल्या नव्हत्या. त्यातला एक शब्दही तिला वाटून घ्यायचा नव्हता.