कुवेतचे अडीच तास

दोहाहून तक्रार आली ती सोमवारी सकाळी, आणि स्वप्नीलने नेहमीच्या सवयीने ती आधी गिऱ्हाइकाच्याच माथी मारली. त्या गृहस्थांचं म्हणणं असं, की मुलीची पत्रिका तुमचं ॲप एक दाखवतंय आणि ज्योतिषाने हाताने मांडली तर दुसरीच निघतेय. टायपिंगची चूक असणार, स्वप्नील म्हणाला.

"न्हाय रे बाबा, बघ जरा," रुबेन फोनवर म्हणाला. "माणूस लय चिडलेला हाय. पोरगी तिकडंच जन्मली म्हणतोय." रुबेन त्याचा साहेब, उत्तनचा. मीटिंगमध्ये तो कडक इंग्रजी झाडायचा, पण खाजगीत स्वप्नीलशी बोलताना त्याच्या तोंडात गावची बोली हमखास यायची.

स्वप्नील नवघरच्या घरातूनच काम करायचा. हॉलच्या कोपऱ्यात टेबल, पाठीमागे आईचा देव्हारा. सहा वर्षांपूर्वी लग्न जुळवणाऱ्या या ॲपच्या कंपनीत लागल्या लागल्या पत्रिकेचं गणित करणारा भाग त्यानेच लिहिला होता. गुण जुळवायचे तर जन्माच्या क्षणी चंद्र नेमका कुठे होता ते लागतं, आणि चंद्र काही आपल्या घड्याळाकडे बघून चालत नाही. म्हणून जन्मवेळ आधी साऱ्या जगाच्या एका सामाईक वेळेत आणायची. भारतातली असेल तर त्यातून साडेपाच तास वजा करायचे, दोहा किंवा कुवेतची असेल तर तीनच. सहा दहा वाजले म्हणजे कुठल्या गावचे सहा दहा, एवढंच विचारायचं.

त्याने जुनी फाइल उघडली. ॲपने जन्मगाव लिहून घेतलं होतं, पण गणितात धरलंच नव्हतं. मूल कुठेही जन्मो, ओळ एकच, साडेपाच तास वजा. शेजारी त्याच्याच हातची टीप होती. 'सध्या भारतच धरू. बाकीचे देश नंतर बघू.'

"अरे देवा," तो म्हणाला.

"काय झालं?" आतून आईने विचारलं. मनोरमाबाई मेथी निवडत होत्या.

"काही नाही."

दुरुस्ती वीस मिनिटांची होती. ती करून त्याने परदेशात जन्मलेल्यांच्या सगळ्या जुन्या जुळवण्या नव्याने चालवल्या, जुने गुण एका बाजूला, नवे दुसऱ्या. बहुतेकांचं काहीच बदललं नाही. चंद्र तसा सावकाश चालतो, दोन-अडीच तासांत सहसा नक्षत्र ओलांडत नाही. पण त्रेसष्ट जुळवण्यांत त्याने नेमकं ओलांडलं होतं. स्वप्नील यादी खाली सरकवत गेला. एकेचाळिसाव्या ओळीवर त्याचा हात थांबला.

जुळवणी करणाऱ्याचं नाव मनोरमा. मुलाचं नाव स्वप्नील. मुलीचं नाव आरोही, जन्म कुवेत, सकाळी सहा दहा. जुने गुण तेरा, नाडी एक. नवे गुण अठ्ठावीस.

तो उठला. गॅलरीत गेला, परत आला, पुन्हा गेला. चहा टाकला आणि उतू घालवला. त्या जुळवणीला चार वर्षं झाली होती. मीरा रोडला दोनदा भेटले होते दोघं, दुसऱ्या भेटीत तर तीन तास कसे गेले ते कळलंच नव्हतं. घरी येताना रिक्षात तो एकटाच हसत होता. ती त्याला आवडली होती, अगदी मनापासून, आणि त्यानंतर दाखवलेल्या नऊ मुलींपैकी एकही आवडली नाही, हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

"आई, आरोही आठवते?"

"कुवेतवाली? एकनाड होती ती, म्हणून तर नको म्हटलं."

"नव्हती. चूक होती ॲपमध्ये."

मनोरमाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तुझंच ना रे ॲप? गुरुजींना सोडून मी तुझ्या ॲपवर भरवसा ठेवला. सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरले, माझ्या लेकाने केलंय म्हणून." त्यांचा आवाज चढता चढता मध्येच बसला. "किती आहेत मग?"

"अठ्ठावीस."

त्या निवडलेलीच मेथी पुन्हा निवडू लागल्या. स्वप्नीलला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. चूक सापडली की प्रोग्रामरला निम्मं पाप फिटल्यासारखं वाटतं. एका ओळीने घोळ घातला होता, माणसांनी नाही. आणि ओळ तर दुरुस्त झाली! त्याने लॅपटॉप मिटला, शर्ट बदलला आणि चपला घातल्या.

"जेवून तरी जा," आई म्हणाली. तोवर तो दोन मजले उतरला होता.

शेअर रिक्षात दोघं आधीच बसले होते, स्वप्नील तिसरा, तरी रिक्षावाला चौथ्याची वाट बघत हलेना. "एक सीट आने दो ना, भाई."

"तीन तो हो गए. चलो ना यार, लेट हो रहा है," स्वप्नील म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं. चार वर्षांनी निघालेला माणूस पाच मिनिटांसाठी भांडत होता. रस्ताभर तो वाक्यं जुळवत राहिला, एकही धड बसेना. आरोहीचं चष्म्याचं दुकान मीरा रोड स्टेशनजवळ होतं. कुठे ते त्याला शोधावं लागलं नाही, कारण दर दोन-तीन महिन्यांनी तो फोनच्या नकाशात ते दुकान बघायचा.

ती काउंटरमागेच होती. त्याला बघून दचकली नाही, फक्त हातातली फ्रेम खाली ठेवली.

"डोळे तपासायचेत, की काही सांगायचंय?"

त्याने एका दमात सगळं सांगितलं. साडेपाच तास, तीन तास, दोहाचे गृहस्थ, चित्रा नक्षत्राऐवजी स्वाती. "म्हणजे आपली नाडी एक नव्हतीच. गुण तर..."

"अठ्ठावीस," आरोही म्हणाली.

स्वप्नील तिच्याकडे बघतच राहिला. "तुला कसं माहीत?"

"बाबांनी तेव्हाच हाताने मांडून घेतली होती. मी तुला फोटो पाठवला होता तिचा. खाली लिहिलं होतं, तुमच्या ॲपने कुवेतची वेळ भारताची धरलीय बहुतेक, एकदा तपासशील का?"

त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"शोधू नकोस, मला पाठ आहे. तू लिहिलंस, 'हो, नंतर बघू.' पुढे एक हसरा चेहराही होता."

त्याला तो मेसेज आठवला. कुठे बसून वाचला तेही आठवलं, आणि वाचल्याबरोबर आपल्याला तो पटला होता हेही. पण तपासलं असतं आणि तिचंच खरं निघालं असतं, तर आईने दिलेला नकार मोडायला आईसमोर उभं राहावं लागलं असतं. न तपासणं सोपं होतं. मग ते सोयीने विसरलं गेलं.

"मी चार महिने थांबले होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सहन होईना. "रोज वाटायचं, आज बघेल. वीस मिनिटांचं काम असेल ना?"

वीसच मिनिटं लागली होती. ते त्याच्याने सांगवेना.

"आणि आता?" त्याने विचारलं.

"डिसेंबरात लग्न आहे माझं." आता ती पहिल्यांदाच हसली. "त्याची पत्रिकाच नाही. त्याच्या आईला जन्मवेळ आठवत नाही. सकाळ होती एवढंच म्हणतात."

दारात एक आजोबा नातीला घेऊन आले होते. आरोहीने "या, बसा" म्हणत खुर्ची पुढे केली. स्वप्नील बाजूला सरकला आणि तसाच बाहेर पडला.

रस्त्यावर ऊन होतं. रिक्षासाठी रांग होती, पण त्याला उभं राहवेना. तो चालतच सुटला. फोन वाजला, रुबेन होता.

"बघितलं मी तुझं काम. मस्त हाय. दोहावाल्याला सॉरी बोलून टाकतो. ते जुने त्रेसष्ट राहू दे, काय? मोडलं त्यांचं मोडलं. कशाला उकरायचं?"

"सगळ्यांना कळवायचं," स्वप्नील म्हणाला. "प्रत्येकाला नावानिशी, चूक काय झाली ते लिहून."

"अरे, वर विचारावं लागंल. पुढच्या महिन्यात..."

"आज, रुबेन. पत्र मी लिहितो, खाली माझं नाव टाक."

रुबेनने आवाज खाली आणून विचारलं, "आणि त्यातल्या कोणी फोन करून विचारलं, एवढी वर्षं काय करत होता तुम्ही, तर काय सांगू?"

स्वप्नील चालता चालता थांबला.

"सांग, आम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "नंतर बघू म्हणत होतो."