आक्कांच्या खुर्चीची कुरकुर

मी खुर्ची बोलतेय. जरा हळू बोलते, राग मानू नका. सकाळपासून हॉलमध्ये पाना घेतलेले दोघे जण फिरताहेत आणि माझ्या पुढच्या पायांचे नट त्यांनी आधीच सैल करून ठेवलेत. आता चहाला गेलेत, पिऊन आले की मागचेही काढणार. तोवर मागचे दोन नट मी घट्ट धरून बसलेय.

मी सिनेमागृहातली खुर्ची. मोठ्या हॉलमधली, मधल्या रांगेतली, वाटेकडची. जन्मापासून भित्री. कारखान्यात सुताराने माझी पाठ ठोकून बसवली तेव्हाच तो म्हणाला होता, ही कुरकुरणार म्हणून. बाकीच्या बहिणी मुकाट ट्रकमध्ये चढल्या, मी वाटभर कुरकुरत आले. मला अंधाराची भीती वाटते, आणि नशीब बघा, आणून बसवलं ते कुठे, तर इथे.

हे सिनेमागृह ज्या घराण्याचं, त्यांची एक रीत आहे. नवा सिनेमा लागायच्या आधी सकाळी रिकाम्या हॉलमध्ये तो एकदा चालवायचा आणि बघायला एकच माणूस बसवायचं, मालकांची थोरली बहीण आक्का. त्यांच्या वडिलांनी आक्कांना पोरवयात माझ्यावर बसवलं, कारण पोर तोंडदेखलं हसत नाही. वडील स्वतः मागे बसायचे आणि पडद्याकडे ढुंकूनही न बघता आक्कांच्या खांद्यांकडे बघायचे. तोंड खोटं बोलतं, खांदे बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. खांदे हलले तर सिनेमा मोठ्या हॉलला, नाहीतर शेजारच्या लहान हॉलला. वडील गेले, मागे मालक बसू लागले. आक्का प्रसूतिगृहात नर्स झाल्या, निवृत्त झाल्या, पण ही सकाळ कधी चुकली नाही.

मध्यंतरी सगळ्या खुर्च्या बदलल्या. मालकांची मुलगी आता कारभार बघते, तिने नव्या, गुबगुबीत, पाय लांब करून बसायच्या खुर्च्या आणल्या. माझ्या बहिणी एकेक करून भंगारात गेल्या. मी थरथरत होते. आक्का माझ्यावर बसून राहिल्या आणि उठेचनात, म्हणून तेवढी मी उरले. त्या गुबगुबीत रांगेत मी म्हणजे लग्नाच्या पंगतीत ठिगळाचा सदरा घालून बसलेला पाहुणा.

आक्का मागे रेलल्या की मी कुरकुरायचे आणि त्या मला दटावायच्या, "काय गं, झालं का तुझं सुरू?" मला ते दटावणं फार आवडायचं. घरच्या माणसालाच कोणी असं बोलतं. मग एका सकाळी त्या रेलल्या, मी कुरकुरले, आणि त्या काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं, आज मन थाऱ्यावर नसेल. पुढच्या खेपेला मी मुद्दाम जोरात कुरकुरले. काही नाही. तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आक्कांना ऐकू येत नव्हतं.

त्यांना ते ठाऊक होतं आणि त्या कोणालाही सांगत नव्हत्या. का, ते मला त्यांच्या स्वतःशी बोलायच्या सवयीमुळे कळलं. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचे कान गेले तेव्हा आधी माणसं त्यांच्याशी मोठ्याने बोलली, मग कमी बोलली, मग बोलायचीच थांबली. चहाचा कप समोर ठेवून निघून जायची. "तसं नको गं बाई व्हायला," आक्का पुटपुटायच्या. जगात एवढी एकच जागा उरली होती जिथे त्यांना कोणी काही विचारत होतं, आणि तीही माझ्या दोन हातांमधली. पण बहिऱ्या माणसाचं पुटपुटणं ते! पार पडद्यापर्यंत ऐकू जायचं. मालक मागेच बसलेले. मी मग त्यांचा आवाज बुडावा म्हणून जिवाच्या आकांताने कुरकुरायचे.

आणि अशात सुट्ट्यांच्या तोंडावर दोन सिनेमे एकदम आले. एक उडत्या महावीराचा, एक चावट. मोठा हॉल कोणाला द्यायचा, ते आक्कांच्या खांद्यांवर.

पहिल्या सकाळी महावीर आला. माझं मत विचाराल तर मला तो मुळीच आवडला नाही. अंगाला चिकटलेला पोशाख, मागे झूल, आणि भीती म्हणून कशाची नाही. ज्याला स्वतःलाच भीती वाटत नाही त्याच्यासाठी मी का घाबरून मरायचं? तरी मेलेच. इमारती कोसळायला लागल्या आणि माझा नट न् नट हादरला. आक्कांनी मात्र चपला काढून पाय जमिनीला टेकवले, दोन्ही पंजे माझ्या हातांवर घट्ट ठेवले, आणि तो गडगडाट माझ्यातून त्यांच्यात गेला. प्रत्येक धक्क्याला त्यांचे खांदे बरोबर उडत होते. माझ्या जिवात जीव आला. बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "एवढी घरं पाडली मेल्याने. आत कोणी बाळंतीण आहे का, एकदा तरी बघावं!"

दुसऱ्या सकाळी चावट सिनेमा. मोठ्या कंपनीचा, चकचकीत. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाचे कपडे चोरीला जातात आणि तो टॉवेलवर गावभर फिरतो, सोबत दोन वाह्यात मित्र. अशा सिनेमांविषयी मला एवढंच ठाऊक आहे की सासऱ्याशेजारी बसलेला जावई अशा वेळी पिशवीत काहीतरी शोधायला लागतो. आक्कांना चावटपणाचं वावडं नव्हतं, जन्म बाळंतिणींच्या वॉर्डात गेलेला. पण या सिनेमात पडझड नाही, धक्का नाही, नुसती बडबड. माझ्या हातांतून काहीच जाईना. आक्कांचे पंजे गार पडत चालले.

मग त्यांनी युक्ती काढली. पडद्यावरची माणसं हसली की हसायचं. तोंड उघडलेलं दिसलं, खांदे हलवले. दात दिसले, हलवले. मी श्वास रोखून मोजत होते, हे बरोबर, हेही बरोबर. मग एक प्रसंग आला. एक मित्र दवाखान्याच्या बाकावर बसलाय, मान खाली, चेहरा ओंजळीत, आणि त्याचे खांदे गदगदताहेत.

आक्का हसल्या. चांगल्या खदखदून हसल्या.

पडद्यावर त्या पोराचा बाप नुकताच गेला होता.

मी काय करणार? कुरकुरले, कर्रकर्र केलं, स्प्रिंग टोचली. त्यांना वाटलं मी जुनी झालेय. मागे मालकांची हालचाल थांबली. ज्या बाईचे खांदे सगळ्यांनी जन्मभर वाचले, तिलाच पडद्यावरच्या पोराचे खांदे वाचता आले नव्हते, आणि रडण्याचे खांदे नि हसण्याचे खांदे सारखेच हलतात हे या घरात कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दिवे लागले. मालकांची मुलगी दारातून खुशीत आत आली. "आत्या भरपूर हसली, बाबा. हाच मोठ्या हॉलला लावू. आणि आत्याची ही खुर्चीही उद्या बदलू, बिचारी किती कुरकुरते." आक्का तिच्या तोंडाकडे बघत मान डोलावत होत्या. माझ्याविषयी काय ठरलं तेही त्यांना कळलं नाही. मुलगी गेली. मालक पुढे आले आणि बहिणीसमोर उभे राहिले.

"आक्का, तो बाकावरचा पोरगा रडत होता गं."

त्यांनी हे हळू म्हटलं. पण जन्मभर बघितलेल्या त्या ओठांवरून आक्कांनी ते वाचलं. त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. मग म्हणाल्या, "मला घरी बसवू नकोस रे. जाऊबाईंसारखं कोपऱ्यात नको. मला फार भीती वाटते."

आता मालक रडतील, की ओरडतील, की डॉक्टरकडे नेतील? माझा तर थरकाप उडाला. मालकांनी वर ऑपरेटरला हात केला, सिनेमा परत पहिल्यापासून लाव म्हणून. आणि मागे न जाता ते शेजारच्या गुबगुबीत खुर्चीत बसले, बहिणीच्या कानाशी वाकले, आणि एकेक वाक्य ओरडून सांगायला लागले. तो सिनेमा, बरं का! थोरली बहीण, जिच्यासमोर या माणसाने उभ्या जन्मात विडीसुद्धा ओढली नाही, तिच्या कानात टॉवेलचे विनोद.

"तो म्हणतो... टॉवेलच्या आत... आक्का, पुढचं राहू दे."

"राहू दे काय? बोल. वॉर्डात याहून वाईट ऐकलंय मी."

मालकांचे कान लालबुंद झाले. ते बोलले, डोळे मिटून बोलले. आक्कांचे खांदे हलायला लागले. विनोदाला हसत होत्या की भावाच्या तोंडाला, ते मला सांगता येणार नाही, पण हे खरं हसू होतं. मला पाठीत कळतं. बाकाच्या प्रसंगाला मालक ओरडले नाहीत. त्यांनी नुसता तिचा हात धरला.

शेवटी आक्कांनी मत दिलं. मोठा हॉल उडत्याला दे, लोकांना पडझड ऐसपैस बघायची असते. टॉवेलवाला लहान हॉलला लाव, चावटपणाला हसायला माणसं जवळजवळ लागतात.

हे झालं काल. आज पाना घेतलेले आले. मुलीने सांगितलेलं रद्द करायचं, हे मालकांच्या ध्यानातच आलं नसावं. थांबा, दार वाजलं. चहा झाला वाटतं. ते दोघे येताहेत, मागे मुलगी. आणि त्यांच्या मागून चपलांचा आवाज येतोय, तो मी कुठेही ओळखेन.

आक्का आल्या. पाना बघून थबकल्या. काही न विचारता माझ्यावर बसल्या, रेलल्या, आणि सैल पायांवर मी अशी कुरकुरले, अशी कुरकुरले की जन्मात कधी नाही. त्यांचा पंजा माझ्या हातावर होता. माझी थरथर त्या पंजात शिरली. मग त्यांनी मला हळूच थोपटलं.

"काय गं, झालं का तुझं सुरू?"

मुलगी बघतच राहिली. मग तिने त्या दोघांना नट आवळायला सांगितलं. पाना लागला तेव्हाही मी घाबरलेच, स्वभावाला औषध नाही. एकाने तेलाची बाटली काढली, कुरकुर कायमची जाईल म्हणाला. बाबांनी रात्री सगळं सांगितलं असणार, कारण मुलीने ते आत्याच्या कानात ओरडून सांगितलं.

"तेल नको," आक्का म्हणाल्या. "मग ही काही बोलतेय, हे मला कळायचं कसं?"

मी अजून इथेच आहे, मधल्या रांगेत, वाटेकडे. अंधार पडला की अजून घाबरते. तुमच्या घरात कोणी दुसऱ्याच्या कुरकुरीलाही उत्तर देईनासं झालं असेल, तर माणूस शांत झालं असं समजू नका. जवळ जाऊन बसा आणि मोठ्याने बोला. चावट असलं तरी बोला.